तुमचे प्रश्न : ओस्टफ्रीसलँड, जिथे जमीनसुद्धा माणसांनीच बनवलीय

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की जर्मनीच्या वायव्य कोपऱ्यात एक प्रदेश आहे जिथे कॉफीपेक्षा चहा जास्त चालतो आणि भर संध्याकाळीसुद्धा लोक एकमेकांना "मोइन" म्हणतात. त्या दोन ओळींवर एवढे प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी या भागात सहा वर्षं राहिलेय, तेव्हा थोडं जास्त लिहिलं जाईल, सांभाळून घ्या.

प्रश्न : हे ओस्टफ्रीसलँड नक्की कुठे येतं? नेटवर शोधलं तर कधी नेदरलँड्स दाखवतं, कधी डेन्मार्कच्या जवळचं काहीतरी.

गोंधळ होणारच, कारण फ्रीसलँड नावाच्या जागा तीन-चार आहेत. नेदरलँड्समध्ये फ्रीसलँड नावाचा अख्खा प्रांत आहे, डेन्मार्कच्या सीमेला लागून उत्तर फ्रीसलँड आहे, आणि ओस्टफ्रीसलँडच्या अगदी शेजारी येवर गावाभोवती अजून एक फ्रीसलँड जिल्हा आहे जो ओस्टफ्रीसलँडमध्ये धरत नाहीत. तिथल्या माणसाला चुकून ओस्टफ्रीसलँडचा म्हटलंत तर तो लगेच दुरुस्त करतो, कारण येवरची शेवटची शासक मारिया हिने १५७५ मध्ये मरताना आपला मुलूख मुद्दाम ओल्डेनबुर्गला दिला, शेजारच्या ओस्टफ्रीसलँडच्या हातात पडू नये म्हणून. साडेचारशे वर्षं होत आली तरी ती रेघ पुसली गेलेली नाही.

तर ओस्टफ्रीसलँड म्हणजे आउरिश, लेअर आणि विटमुंड हे तीन जिल्हे आणि एम्डन शहर, एवढंच. राज्य नीडरझाक्सेन, म्हणजे लोअर सॅक्सनी. उत्तरेला नॉर्थ सी, पश्चिमेला नेदरलँड्सची सीमा आणि डोलार्ट नावाची खाडी. क्षेत्रफळ तीन हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, लोकसंख्या पाच लाखांच्या आत. डोंगर नाही, टेकडी म्हणावं असंही काही नाही. आकाश मात्र एवढं मोठं की पहिले काही दिवस नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही.

प्रश्न : तिथली जमीन समुद्रापेक्षा खाली आहे असं वाचलं. मग पाणी आत कसं येत नाही?

हा प्रश्न आला याचा मला खरंच आनंद झाला, कारण हे एक समजलं की बाकीचं ओस्टफ्रीसलँड आपोआप उलगडतं.

सगळी जमीन खाली नाहीये. किनाऱ्याजवळ मार्श म्हणजे चिकणमातीची सपाट सुपीक जमीन, मधे गेस्ट म्हणजे जरा उंचवट्याची रेताड जमीन, आणि मधेमधे मोअर म्हणजे दलदल. यातली मार्श बरीचशी भरतीच्या पातळीच्या खाली आहे, आणि एम्डनजवळच्या क्रुमहोर्न भागात फ्रेप्सुमर मेअर नावाचं एक तळं होतं, पाणी उपसून त्याची शेतं केली, ती जागा समुद्रसपाटीपेक्षा दोन मीटरहून जास्त खाली आहे. तिथे गायी चरताना बघायच्या आणि डोक्यात हिशोब करायचा की समुद्र आत्ता माझ्या डोक्याच्या वर आहे.

हजार वर्षांपूर्वीपर्यंत लोक मातीचे उंचवटे करून त्यावर गावं वसवायचे, पाणी आलं की गाव म्हणजे बेट. रीझुम नावाचं गाव बघा, अगदी गोल, मधोमध चर्च आणि भोवती घरांची कडी, ते असंच उंचवट्यावर बसलेलं आहे आणि त्या चर्चमधला पंधराव्या शतकातला ऑर्गन अजून वाजतो. मग साधारण अकराव्या शतकापासून बांध घालायला सुरुवात झाली, आधी छोटे, मग ते जोडत जोडत सगळ्या किनाऱ्याला एकच सलग कडं. आजचा बांध आठ-नऊ मीटर उंच असतो, आत रेती आणि वरून चिकणमातीचा जाड थर, समुद्राकडचा उतार एकदम सौम्य म्हणजे लाट त्यावर चढता चढता दमून जाते. त्यावर गवत आणि गवतावर मेंढ्या. मला आधी वाटायचं मेंढ्या फोटोसाठी छान दिसतात म्हणून आहेत, पण त्या कामावर असतात: दातांनी गवत कमी ठेवतात त्यामुळे मुळं घट्ट विणली जातात, आणि खुरांनी माती दाबून ठेवतात, उंदरांची बिळंसुद्धा त्यामुळे बुजतात. गाय चालत नाही कारण ती जड, ओल्या उतारावर खड्डे पाडते.

आता बाहेरचं पाणी अडवलं पण आत पाऊस पडतो त्याचं काय? त्यासाठी बांधात दारं ठेवतात, त्याला झील म्हणतात. ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरतीला समुद्रच दार दाबून बंद करतो. कोणी उभं राहून उघडायचं नाही, चंद्राच्या भरती-ओहोटीवर चालणारी यंत्रणा. नकाशात ग्रेटझील, बेन्झरझील, नॉयहार्लिंगरझील, कारोलिनेनझील अशी नावं दिसतात ना, ही सगळी त्या दारांपाशी वाढलेली बंदरं आहेत. आता जोडीला मोठे पंप आहेत आणि ते बंद पडले तर आतला भाग हळूहळू तळं होईल.

आणि हे सगळं करायचं कोणी, तर ज्याची जमीन बांधाच्या मागे त्याने. प्रत्येकाला बांधाचा तुकडा वाटून दिलेला असायचा. "डे निश विल डीकेन, डे मुट वीकेन", जो बांध बांधणार नाही त्याने चालतं व्हावं, ही म्हण म्हणजे तेव्हाचा कायदाच होता. एखाद्याला आपला तुकडा राखणं झेपेनासं झालं तर तो आपलं फावडं बांधात खोचून घर-शेत सोडून निघून जायचा, आणि जो कोणी ते फावडं उपसून काढेल त्याला ती जमीन मिळायची आणि बांधाची जबाबदारीसुद्धा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बराच वेळ तो फावडं खोचणारा माणूस डोळ्यांसमोरून जात नव्हता, मागे बायकामुलं उभी असतील, पाऊस असेल. आजही बांधाच्या संस्था आहेत, जमीनमालक त्यात पैसे भरतात, आणि ठरलेल्या दिवशी पंच मंडळी बांधावरून चालत जाऊन कुठे बीळ, कुठे भेग ते बघतात.

हे सगळं करूनही समुद्राने घेतलंच आहे. डोलार्टची खाडी म्हणजे मध्ययुगातल्या पुरांनी गिळलेली गावं आणि शेतं. १५०९ च्या पुरानंतर तर एम्स नदीनेच पात्र बदललं आणि एम्डनच्या तटाला लागून वाहणारी नदी लांब गेली. आणि १७१७ चा नाताळचा पूर, २४ डिसेंबरची रात्र, लोक प्रार्थना करून झोपलेले, वायव्येचा वारा, आणि पहाटेपर्यंत बांध ठिकठिकाणी फुटलेले. नेदरलँड्सपासून डेन्मार्कपर्यंत दहा हजारांहून जास्त माणसं गेली, एकट्या ओस्टफ्रीसलँडमध्ये अडीच हजारांहून जास्त. जुन्या चर्चमध्ये भिंतीवर पुराची खूण दाखवतात, हात वर करूनही पोचत नाही अशी.

प्रश्न : तिथे म्हणे राजा नव्हता? युरोपात, मध्ययुगात? हे कसं शक्य आहे?

कायमच नव्हता असं नाही, पण बराच काळ खरंच नव्हता, आणि कारण वरच्याच उत्तरात आहे. बांध टिकवायचा तर सगळ्यांनी एकत्र येऊन ठरवायला लागतं, आणि चिखलातून घोडदळ नेऊन वसुली करणं कुठल्याही सरदाराला परवडत नव्हतं. बाकी युरोपात शेतकरी सरदाराच्या जमिनीला बांधलेला होता तेव्हा इथला शेतकरी आपल्या जमिनीचा मालक होता आणि दरवर्षी आपल्यातूनच न्याय देणारे निवडत होता. हे स्वातंत्र्य आपल्याला शार्लमेन बादशहाने दिलं अशी त्यांची आख्यायिका, ती खरी नाही, पण तिच्या जोरावर त्यांनी काही शतकं काढली.

या मुक्त फ्रीसियन भागांचे प्रतिनिधी वर्षातून एकदा, पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या मंगळवारी, आउरिशजवळ उपस्टाल्सबोम नावाच्या टेकाडावर जमायचे. आज तिथे झाडांमध्ये दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे, १८३३ मध्ये उभारलेला. तिकीट नाही, गर्दी नाही. मला एम्डनच्या म्युझियमपेक्षा ही जागा जास्त आवडते, काही नाहीये तिथे, आणि तरी तिथून लवकर निघावंसं वाटत नाही.

पुढे चौदाव्या शतकात पूर, प्लेग यांनी घडी विस्कटली आणि श्रीमंत घराणी डोक्यावर बसली, त्यांना होइप्टलिंग म्हणजे गढीवाले म्हणू या. त्यांची आपसात मारामारी. प्रसिद्ध समुद्री लुटारू क्लाउस श्टोर्टेबेकर याला याच लोकांनी मारीनहाफेला आसरा दिला होता, तेव्हा खाडी पार त्या गावापर्यंत यायची, आज ते गाव समुद्रापासून आत आहे. हॅम्बुर्गवाल्यांनी त्याला पकडून १४०१ च्या सुमारास मारलं. शेवटी ग्रेटझीलच्या सिर्कसेना घराण्याने सगळ्यांना मागे टाकलं, १४६४ मध्ये त्यांना काउंटपद मिळालं, आणि १७४४ मध्ये त्यांचा शेवटचा वारस निपुत्रिक मेला तेव्हा प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिश याने प्रदेश ताब्यात घेतला. मग नेपोलियनचा काळ, मग हॅनोव्हर, १८६६ पासून परत प्रशिया. एवढे मालक बदलले तरी लोकांच्या बोलण्यात मालक असा कोणी येतच नाही.

प्रश्न : गूगल मॅपवर काही गावं एकदम सरळ रेघेसारखी दिसतात, किलोमीटरच्या किलोमीटर. ते काय आहे?

वा, बारीक नजर आहे तुमची! ती फेन गावं. दलदलीत पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती असते, वाळवली की जळण म्हणून उत्तम, आणि सतराव्या शतकात शहरांना जळण हवं होतं. मग एम्डनच्या व्यापाऱ्यांनी १६३३ मध्ये ग्रोसेफेन सुरू केलं: दलदलीत सरळ कालवा खणायचा, त्याने पाणी निचरायचं, त्याच कालव्यातून होडीने पीट बाहेर न्यायचं, येताना शहरातलं शेणखत आणि समुद्राचा गाळ आणून उरलेल्या जमिनीत घालायचा. कालव्याच्या दोन्ही काठांना एकेक घर, त्यामुळे गाव लांबच लांब. पांढरे उचलते पूल अजून आहेत, सायकल घेऊन जा, सुंदर वाटतं.

सुंदर आता वाटतं. तेव्हा काय होतं ते त्यांची एक म्हण सांगते, "पहिल्याला मरण, दुसऱ्याला वणवण, तिसऱ्याला भाकरी", म्हणजे पहिली पिढी खणून मेली, दुसरीने हाल काढले, तिसरीला खायला मिळालं. १७६५ मध्ये फ्रीड्रिशने पडीक दलदल सरकारची ठरवून तिथे माणसं बसवायचा हुकूम काढला, त्यात कालवे नसलेल्या वस्त्या झाल्या त्यांची दशा तर फार वाईट, दलदल जाळून राखेत बकव्हीट म्हणजे कुट्टू पेरायचं, काही वर्षांत जमीन संपायची आणि माणूसही.

प्रश्न : चहाबद्दल सविस्तर लिहा ना! जर्मन लोक आणि चहा हे डोक्यात बसत नाही.

लिहितेच. माणशी वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा पितात हे लोक, म्हणजे जर्मनीच्या सरासरीच्या साधारण दहापट. चहा सतराव्या शतकात डच जहाजांमधून आला आणि इथे चिकटला त्यालाही पाणीच कारण आहे. मार्शमधलं पाणी खारट, दलदलीतलं तपकिरी, ते तसं पिता यायचं नाही म्हणून लोक सकाळपासून पातळ बिअर प्यायचे. उकळलेल्या पाण्याचा चहा त्यापेक्षा स्वस्त आणि चांगला पडला.

प्रशियाचा दुसरा फ्रीड्रिश म्हणजे वर आलाय तोच, त्याने १७५१ मध्ये एम्डनला चीनशी व्यापार करणारी आशियाई कंपनी काढली, दोन वर्षांनी बंगालसाठी वेगळी कंपनी, म्हणजे चहा आणायला स्वतःच दार उघडलं. सात वर्षांच्या युद्धात फ्रेंच एम्डनमध्ये घुसले आणि कंपनीचा खेळ संपला. मग १७७८ च्या सुमारास त्याच राजाच्या सरकारला वाटायला लागलं की चहापायी पैसा देशाबाहेर जातोय, तर चहावर बंदी! लोकांनी सरळ नेदरलँड्सकडून चोरून आणायला सुरुवात केली, आणि दोनेक वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग होतं तेव्हासुद्धा या भागाला चहाचा वेगळा वाढीव कोटा द्यावा लागला होता.

"अस्सल ओस्टफ्रीसियन चहा" हे नाव फक्त इथेच मिश्रण केलेल्या चहाला लावता येतं, आणि त्या मिश्रणात मुख्य असतो आसाम. लेअरची ब्युंटिंग ही त्यातली जुनी कंपनी, १८०६ ची. २०१६ मध्ये जर्मनीच्या युनेस्को आयोगाने ही चहा संस्कृती देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली.

आता प्यायचं कसं. माझ्या शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी मला शिकवलं. आधी किटली गरम पाण्याने विसळायची. माणशी एक चमचा पत्ती आणि एक किटलीसाठी. पत्ती बुडेल एवढंच उकळतं पाणी, तीन-चार मिनिटं, मग बाकीचं पाणी. तोवर टेबलावर छोटे पातळ चिनीमातीचे कप, लाल गुलाबाची नक्षी असलेले किंवा निळ्या रेघांचे, आणि किटली मेणबत्तीच्या शेगडीवर. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा ठेवायचा, त्याला क्लुंट्ये म्हणतात. त्यावर गरम चहा ओतला की खडा तडकतो, अगदी बारीक आवाज, बर्फाला भेग पडावी तसा. आजी त्या वेळी बोलणं थांबवायच्या. बाहेर वारा असला तर त्या किंचित पुढे वाकायच्या, तो आवाज ऐकल्याशिवाय चहा सुरू झाला असं त्यांना वाटतच नसावं. मग वक्र चमच्याने साय कपाच्या कडेकडेने सोडायची, घड्याळाच्या उलट दिशेने, चहाच्या वेळी घड्याळ थांबावं म्हणून. साय आधी खाली बुडते आणि मग पांढरी होऊन फुलत वर येते, त्याला वुल्क्ये म्हणजे छोटा ढग म्हणतात.

आणि ढवळायचं नाही! पहिला घोट सायीचा मऊ, मधला चहाचा कडू, शेवटचा गोड. साखर महाग होती, एका खड्यावर तीन कप निघायचे, म्हणून ढवळून लगेच संपवायची नाही हा त्यामागचा हिशोब, पण आता तीच चव झालीय. तीन कप घ्यायचेच, "तीन हा ओस्टफ्रीसियन हक्क" असं म्हणतात, एका कपावर उठलात तर यजमानाला वाईट वाटतं. आणि पुरे म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणू नका, चमचा कपात ठेवा. मला हे माहीत नव्हतं, पहिल्यांदा बशीत चमचा ठेवून बसले आणि आजी सहाव्या कपापर्यंत ओतत राहिल्या, दोघी एकमेकींचा मान राखत होतो.

सकाळी अकराला, दुपारी तीनला हा चहा ठरलेला, नॉर्डेन आणि लेअर दोन्हीकडे चहाची म्युझियम आहेत. पण खरं सांगू, जमलं तर कोणाच्या तरी घरी प्या.

प्रश्न : माझी मुलगी एम्डनला शिकायला जातेय. तिथली भाषा फ्रीसियन आहे असं कळलं. ती इथे जर्मन शिकलीय ते चालेल का?

ताई, अजिबात काळजी करू नका, कॉलेजात, दुकानात, सगळीकडे नेहमीची जर्मन चालते. गंमत म्हणजे ओस्टफ्रीसलँडमध्ये आज फ्रीसियन कोणी बोलतच नाही. ती भाषा तिथे मागेच गेली, तिची जागा प्लाट म्हणजे लो जर्मनने घेतली. जुनी पूर्व फ्रीसियन जिवंत राहिलीय ती दक्षिणेला, ओस्टफ्रीसलँडच्या बाहेर, झाटरलँड नावाच्या छोट्याशा भागात, दलदलींनी वेढलेला असल्यामुळे तिथे बाहेरचं वारं पोचलं नाही. तिथे ती बोलणारे जेमतेम दोन हजार.

प्लाट मात्र ऐकू येईल, बसमध्ये म्हाताऱ्यांच्या तोंडी, बाजारात मासेवाल्याकडे. "मोइन" लगेच शिकून घ्यायला सांगा. सकाळचं नाही ते, प्लाटमधल्या "मोइ" म्हणजे छान या शब्दाशी त्याचं नातं लावतात, दिवसभर चालतं. एकदाच म्हणायचं, दोनदा "मोइन मोइन" म्हटलं की तिथे बडबड समजतात.

आणि नावांची एक गोष्ट. मुलीला तिथे यानसेन, हार्म्स, ही आडनावं ढिगाने भेटतील. तिथे पूर्वी कायमचं आडनाव नव्हतं, बापाचं नाव हेच मुलाचं आडनाव, हार्मचा मुलगा यान तो यान हार्म्स आणि त्याचा मुलगा हार्म यानसेन, पिढीगणिक बदलायचं. नेपोलियनच्या कारभाराने १८११ मध्ये हुकूम काढला की एक आडनाव पक्कं करा. शेतकऱ्यांनी ते लवकर मनावर घेतलंच नाही.

एम्डन शहर बघताना हेही सांगा की ६ सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं एम्डन जवळपास सगळं गेलं. सोळाव्या शतकात डच निर्वासित इथे आले आणि हे युरोपातल्या मोठ्या बंदरांपैकी एक झालं होतं. टाउन हॉल परत बांधला आणि १९६२ मध्ये मुद्दाम त्याच तारखेला, ६ सप्टेंबरलाच, उघडला. त्या दिवशी गाव थांबतं असं नाही पण म्हातारी माणसं विसरत नाहीत.

प्रश्न : जर्मन मित्र ओस्टफ्रीसियन लोकांवर सतत विनोद करतात, मंदबुद्धी वगैरे. असं का?

हे विनोद जुने नाहीत. साठच्या दशकाच्या शेवटी शेजारच्या आमरलँडमधल्या वेस्टरश्टेडे गावातल्या शाळेच्या मासिकात पोरांनी आपल्याच ओस्टफ्रीसियन वर्गमित्रांवर लिहिले आणि सत्तरच्या दशकात देशभर पसरले. एम्डनचे विनोदी कलाकार ओटो वालकेस यांनी नंतर तीच ओळख मिरवत मोठं नाव कमावलं. पण मला विचाराल तर मला ते विनोद आवडत नाहीत. समुद्राच्या खाली शेती करून दाखवणाऱ्या लोकांना अडाणी म्हणायचं म्हणजे काय? मित्राला पुढच्या वेळी झीलचं दार कसं चालतं ते विचारा.

प्रश्न : चार-पाच दिवस आहेत, जुलैत. काय बघावं? बेटांवर जावं का?

जावंच. वस्ती असलेली सात बेटं एका ओळीत आहेत, त्यातलं पूर्वेचं वांगरओगे प्रशासनाने येवरकडे जातं, बाकी सहा, बोर्कुम, युइस्ट, नॉर्डरनाय, बाल्ट्रुम, लांगओग आणि श्पीकरओग ही ओस्टफ्रीसलँडची. नॉर्डरनायला १७९७ मध्ये नॉर्थ सीवरचं पहिलं जर्मन समुद्रस्नानाचं ठिकाण झालं, तिथे हॉटेलं, गर्दी. मी युइस्टला जा म्हणेन. सतरा किलोमीटर लांब आणि रुंदी एक किलोमीटरच्या आसपास, बरीचशी जागा त्याहून चिंचोळी, मोटारी नाहीत, सामान घोडागाडीतून. बोट नॉर्डडाइशहून सुटते पण भरतीच्या वेळेप्रमाणे, त्यामुळे रोजची वेळ वेगळी, परतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय ट्रेनचं बुकिंग करू नका, लोकांच्या गाड्या चुकताना मी बघितल्यात.

बेटं आणि किनारा यांच्यामधला समुद्र दिवसातून दोनदा गायब होतो. उरतो तो मैलोन्‌मैल ओला गाळ, त्याला जर्मनमध्ये "वाट" म्हणतात, २००९ पासून जागतिक वारसा. पहिल्यांदा बघताना वाटतं चिखल तर आहे. पण बूट काढून आत चाला, पायाखाली रेतीच्या शेवयांसारख्या गुंडाळ्या दिसतील, ते वाटवुर्म म्हणजे गाळातल्या किड्याचं काम, तो रेती खाऊन स्वच्छ करून वर टाकतो. कान खाली नेला तर गाळ चुरचुरतो, ऐकू येतं. दरवर्षी एक कोटीच्या घरात स्थलांतरी पक्षी या पट्ट्यात येऊन खाऊन पुढे जातात. गाळातून चालत बाल्ट्रुमपर्यंत जाता येतं, नेसमरझीलहून, पण परवाना असलेल्या गाइडबरोबरच. एकट्याने कधीही नाही, भरती पुढून येत नाही, ती आधी मागच्या ओघळांमधून भरते आणि तुम्हाला कळतं तेव्हा परतीची वाट गेलेली असते. धुकं आलं तर किनारा कुठल्या बाजूला हेसुद्धा कळत नाही.

एक दिवस ग्रेटझील. करंदी पकडणाऱ्या होड्या आणि दोन जुळ्या पवनचक्क्या. करंदीला तिथे ग्रानाट म्हणतात, होडीवरच समुद्राच्या पाण्यात उकडलेली असते, न सोललेली घ्या आणि धक्क्यावर बसून सोला, मधे धरून जरा पिळायचं आणि शेपटीकडचं कवच ओढायचं, पहिल्या दहा मोडतील मग हात बसेल. तिथून सायकलवर पिलझुमचा पिवळा-लाल पट्ट्यांचा दीपस्तंभ, आणि परतताना झूरहूझेनचं चर्च, त्याचा मनोरा पाच अंशांहून जास्त कललेला आहे, पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त. ओल्या जमिनीतले ओकचे ओंडके पायाखाली होते, पाणी निचरलं, लाकूड कोरडं पडून कुजलं आणि मनोरा झुकला.

उरलेल्या दिवशी उपस्टाल्सबोम आणि ग्रोसेफेन. वारा कायम समोरूनच येतो असं समजून सायकलचं अंतर ठरवा.

प्रश्न : तिथे नोकऱ्या आहेत का?

आहेत पण मोठ्या शहरांसारख्या नाहीत. एम्डनला फोक्सवागेनचा कारखाना १९६४ पासून आहे, आता तिथे इलेक्ट्रिक गाड्या होतात. आउरिशला पवनऊर्जेची एनेरकॉन, १९८४ मध्ये तिथेच सुरू झालेली. लेअरला जहाज कंपन्यांची ऑफिसं बरीच आहेत. इंजिनियरिंगवाल्यांना आणि नर्सिंगवाल्यांना वाव आहे, जर्मन मात्र नीट यायला हवी.

प्रश्न : हिवाळ्यात तिथे काय करतात? अंधार, वारा, पाऊस ऐकून भीतीच वाटते.

बोसेलन करतात! हे सांगायचं राहिलंच असतं. दोन टीम, एकेक जड गोळा, आणि गावाबाहेरचा साधा डांबरी रस्ता. आळीपाळीने गोळा रस्त्यावरून घरंगळत फेकायचा, थांबला तिथून पुढचा गडी फेकणार, ठरलेल्या टप्प्यापर्यंत कमीत कमी फेकींत पोचेल ती टीम जिंकली. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो त्यामुळे वळणावर गोळा कसा सोडायचा यात सगळं कसब, नाहीतर तो बाजूच्या पाण्याच्या चरात जातो, त्यासाठी लांब दांड्याची जाळी घेऊन एक जण चालतच असतो. गाड्यांसाठी चक्क रस्त्यावर पाटी असते की खेळ चालू आहे, हळू जा. याचाच जुना भाऊ क्लोटशीसेन, त्यात शिसं भरलेला लाकडी गोळा फळीवरून धावत येऊन उडी मारून गोठलेल्या शेतावर फेकतात. तेव्हा ओरडतात "ल्युश उप उन फ्लोय हेरुट", उचल आणि उडून जा.

खेळ संपला की सगळे गावच्या खानावळीत, ग्र्युनकोल म्हणजे केल नावाच्या हिवाळी पालेभाजीची भाजी, थंडीचा कडाका पडून गेल्यावर ती गोड लागते म्हणतात, तासन्‌तास शिजवलेली, सोबत सॉसेज आणि बटाटे. नववर्षाला पातळ वेफरच्या गुंडाळ्या करतात, लोखंडी साच्यात एकेक भाजून गरम असतानाच गुंडाळायची, बोटं भाजतात. आजींच्या स्वयंपाकघरात ३१ डिसेंबरला आम्ही दोघींनी पत्र्याचे दोन डबे भरले होते. खिडकीबाहेर वारा वायव्येचा होता, त्यांनी मधेच उठून रेडिओवर भरतीची वेळ ऐकली, घड्याळ बघितलं, आणि परत येऊन पुढची गुंडाळी साच्यातून काढली.